चौथ्या मजल्यावरून आडवं उतरण्याबाबत

ती. दाजी यांस,

मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नसल्यामुळे हा नमस्कार कागदावरच घालतो आहे. तुम्हीही तो खुर्चीत बसल्या बसल्याच स्वीकारा. तुम्ही हल्ली खुर्चीतून उठत नाही असं तुमच्या चिरंजिवांकडून कळलं, म्हणजे दोघांचीही सोय झाली.)

इकडे सगळं ठीक. हिची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. माझंही गुडघे सोडले तर बरं चाललंय. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून मी चौथ्या मजल्यावरून खाली उतरलेलो नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टर अधूनमधून वर येऊन बघून जातात आणि जाताना दर वेळी सांगतात, हाडं ठीक आहेत, हळूहळू जिना उतरायला लागा. पण ते स्वतः जिना चढून आले की आधी आमच्या दाराशी चौकट धरून धापा टाकत उभे राहतात, हिने पाणी दिल्यावर मग मला तपासतात, त्यामुळे जिन्याच्या बाबतीत त्यांचं मत मी फारसं मनावर घेत नाही. तुमचं काय? ताई गेल्यापासून तुम्ही घराबाहेर पडला नाहीत, जेवायलासुद्धा खुर्चीच टेबलाजवळ ओढून घेता, आणि चिरंजिवांनी फोन कानाला लावून दिला तर 'हं' एवढंच म्हणता. मला तुमचा 'हं' नवा नाही. उमेदीची सगळी वर्षं मी लोकांची कपाटं उतरवताना कपाटाच्या पलीकडून तुमचा 'हं'च ऐकत आलो. फरक इतकाच, की तेव्हा त्या 'हं'नंतर कपाट हलायचं.

तर पत्राचं कारण. मी माझ्या अंत्ययात्रेची तयारी हाती घेतली आहे. दचकू नका, घाई काही नाही. पण आपल्या शिफ्टिंगच्या धंद्यात एक नियम होता, की काम असेल त्याच्या आदल्या दिवशी जाऊन जिना बघून यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो सरळ जिना आहे, उगीच कशाला खेप घालता, सकाळीच या. तरी आपण जायचो, कारण जगात सरळ जिना नावाची वस्तू नसते हे आपल्याला माहीत होतं. लोकांची कपाटं, लोकांचे आरसे, लोकांच्या म्हाताऱ्या शिवणयंत्रांसाठी जो माणूस जिने बघत हिंडला, त्याने स्वतःच्या वेळी जिना न बघता निघायचं, हे काही मला पटत नाही. शिवाय हा जिना मी रोज बघतो. म्हणजे उतरत नाही, वरून बघतो.

हा विचार डोक्यात आला तो आमच्या समोरच्या टाइपरायटरवाल्यांमुळे. (तुम्हाला आठवत असतील. टाइपरायटर दुरुस्त करायचे, सदा बोटं काळी, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत.) बिचारे झोपेतच गेले. न्यायला नातेवाईक आले ते चांगले धट्टेकट्टे होते, पण त्यांच्यात शिफ्टिंगवाला एकही नाही. मी दारातून ओरडून सांगत होतो, पाय आधी, पाय आधी, पण शोकाच्या घरात शेजाऱ्याचं कोण ऐकतो? दुसऱ्या मजल्यावर हेडमास्तरांच्या दारासमोर जिना काटकोनात वळतो, तिथे ही मंडळी अडली. मग त्यांनी अडाणी माणूस गालिच्याचं करतो तेच केलं. त्यांना उभं केलं. उभं करताना त्यांचा हात चादरीतून सुटला आणि नेमका हेडमास्तरांच्या बेलवर पडला. हेडमास्तर वामकुक्षीतून उठून चष्म्याशिवायच दार उघडायला आले. समोर टाइपरायटरवाले उभे. ते म्हणाले, आत्ता नको, संध्याकाळी या. मग मागची गर्दी दिसली आणि प्रकार लक्षात आला. तेव्हापासून हेडमास्तर आधी आतून 'कोण आहे' विचारतात, उत्तर आलं तरच कडी काढतात.

सगळा जिना त्या दिवशी चोरून हसला. मी नाही हसलो, दाजी. जो माणूस जन्मात बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात उभा राहिला नाही, त्याला जाता जाता दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं. मी त्याच दिवशी हिला सांगितलं, की मी त्या वळणावरून आडवा जाणार. ही म्हणाली, तेव्हा तुम्हाला काय कळणार आहे? (बायकोच्या बोलण्यातला मुद्दा बरोबर असला की उत्तर देणं फार जड जातं.) मी म्हटलं, मला नाही कळणार, पण जिन्याला कळेल.

मग रीतसर तयारीला लागलो. प्रथम वळणाचं माप. माझ्या सूचनेबरहुकूम हिने टेप धरली आणि जावयाने आकडे घेतले. जावई गुणी आहे, कॉम्प्युटरवर काम करतो, त्याचे हात हिच्या कणकेहून मऊ. त्याने माझं आणि जिन्याचं चित्र काढलं, स्क्रीनवर मला वळणावरून सुळकन फिरवून दाखवलं आणि म्हणाला, बाबा, तुम्ही अगदी आरामात जाता. चित्रात मी छान दिसत होतो. पण चित्रात हेडमास्तरांचं चपलांचं कपाट नव्हतं. ते त्यांनी बरोबर वळणावर ठेवलं आहे आणि त्याच्यावर एक निवडुंगाची कुंडी, म्हणजे ज्याला कपाट लागणार नाही त्याला काटा लागावा. मी निरोप पाठवला, कपाट हलवा. त्यांचं उत्तर आलं, त्या दिवशी हलवू. मी विचारलं, तो दिवस तुम्हाला कसा कळणार? त्यावर त्यांनी कळवलं की मी आदल्या दिवशी पूर्वसूचना द्यावी. शाळा सुटली तरी माणसाची अर्ज मागण्याची सवय काही सुटत नाही.

मापाचं जमलं तरी खरी अडचण पुढेच होती. ती तुमच्याशिवाय कुणाला समजायची नाही म्हणून सविस्तर लिहितो. आपलं काम कसं चालायचं? तुम्ही खाली, मी वर. खालचा माणूस उलटा उतरतो, त्याला मागचं काही दिसत नाही आणि नाकासमोर कपाट. म्हणून वरच्याने बोलायचं आणि खालच्याने ऐकायचं. वरचा 'उचला' म्हणेपर्यंत उचलायचं नाही, 'टेका' म्हणेपर्यंत टेकायचं नाही, मग मध्ये पाठीला मुंगी चावो नाहीतर गिऱ्हाईकाची सासू. आता विचार करा, माझ्या वेळी बोलणार कोण? वर बोलणारा म्हणजे मी, आणि मी तर फळीवर. ओझ्याने बोलायची आपल्यात पद्धत नाही. आणि माझ्याशिवाय त्या जिन्याशी बोलता येईल असा माणूस ह्या इमारतीत दुसरा नाही.

ह्यावर जावयाने तोड काढली. (म्हटलं ना, गुणी आहे.) तो म्हणाला, बाबा, तुम्ही आत्ताच मोबाइलवर बोलून ठेवा, त्या दिवशी आम्ही लावू. मला कल्पना एकदम पसंत पडली. दुपारभर खिडकीशी बसून, डोळे मिटून, मनातल्या मनात सगळा जिना उतरत मी बोललो. धरा. उचला. उंबरा आहे. डावं खांद्याला घ्या. थांबा, श्वास घ्या. ही आतून म्हणाली, जिवंतपणी ऐकलं तेवढं पुरे नाही का, मेल्यावरही सूचना देणारच आहात! पण तिने मिक्सर बंद ठेवला, हेही सांगितलं पाहिजे.

रविवारी तालीम केली. फ्रिज सरकवायची आपली ती गुळगुळीत फळी अजून पलंगाखाली आहे, तिच्यावर मी निजलो. करड्या गोधड्यांत मला गुंडाळलं, सामानाचे पट्टे आवळले. हिने जुन्या सवयीने ट्रंकेतली एक चिठ्ठी काढून माझ्या छातीवर डकवली, 'नाजूक. उलटं करू नये.' चार कोपऱ्यांना चार माणसं हवी होती. एका कोपऱ्याला जावई. दुसऱ्याला हेडमास्तर, ते माझ्या प्रेमापोटी नव्हे तर चपलांच्या कपाटाच्या रक्षणार्थ आले होते. तिसऱ्याला वायरमन. तो हेडमास्तरांची बेल कायमची बंद करायला आला होता आणि काम उरकून निघाला होता, त्याला ते हाताला धरून वर घेऊन आले. चौथा कोपरा मोकळा राहिला. मी म्हटलं, राहू द्या, पुढच्या रविवारी बघू. तर ही पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, जन्मभर वाहिलंय, आता एका जिन्याने काय होतंय!

मोबाइल माझ्या पोटावर ठेवला आणि लावला. सुरुवात झकास झाली. 'धरा. उचला.' म्हटल्यावर मी उचलला गेलो. उंबरा गेला, चौथ्याचा जिना गेला, मी छताकडे बघत होतो आणि खरं सांगतो, बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांनी जिन्याचं छत खालून बघितलं. तिसऱ्या मजल्यावर रेकॉर्डमधला मी म्हणालो, 'दाजी, डावा पाय.' सगळे थबकले. कोण दाजी? वायरमनला सगळी इमारत कौतुकाने कधी दादा म्हणते, कधी भाऊ, त्याला वाटलं दाजीही आपणच. त्याने डावा पाय टाकला, बाकीच्यांनी टाकला नाही, मी एका अंगावर कलंडलो. पुढे पुन्हा, 'दाजी, कठडा आहे, कोपर सांभाळा.' पुन्हा, 'दाजी, घाई नको.' जावई कुजबुजला की बाबांनी सगळ्या सूचना दाजींनाच दिल्या आहेत. मला बोलताना ह्याचा पत्ताच नव्हता. डोळे मिटून जिना उतरायला लागलो की समोर तुम्हीच असता, त्याला मी काय करू?

घोळ मात्र पुढेच झाला. बोलताना मी वेग धरला होता तो आपल्या दोघांचा, आणि ही चौकडी दर तीन पायऱ्यांना घाम पुसायला थांबत होती. त्यामुळे प्रत्यक्षातला मी वळणाच्या ऐन तोंडाशी, आणि मोबाइलमधला मी वळण पार करून खुशीत म्हणतो, 'शाब्बास. आलं. टेका.' दाजी, जन्मात प्रथमच ह्या इमारतीत सगळ्यांनी माझं एकाच वेळी ऐकलं. चौघांनी टेकलं. खाली सपाट जमीन असती तर काही बिघडलं नसतं, पण खाली पायऱ्या होत्या आणि फळी फ्रिजची. ती ज्यासाठी बनवली आहे तेच तिने केलं. मी पाय पुढे करून (निदान पाय आधी गेले, एवढी एक गोष्ट मनासारखी झाली) वळणापर्यंत गेलो, चपलांचं कपाट सोबत घेतलं, तिथे भिंतीने मला वळवलं आणि पहिल्या मजल्यावर दंतवैद्यांच्या दारात मी थांबलो. म्हणजे आडवा जातो माणूस त्या वळणावरून. सिद्ध झालं. पण त्या वेळी हे कुणाला पटवून द्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

बाकावर गाल सुजलेले एक गृहस्थ आपल्या नंबराची वाट बघत होते. त्यांच्या पायाशी फळीला बांधलेला, मांडीवर निवडुंग घेतलेला, छातीवर 'नाजूक' लिहिलेला एक म्हातारा येऊन थांबला आणि डोळे उघडून म्हणाला, "टेका कुणी म्हटलं?" त्यावर माझ्याच पोटावरून माझाच आवाज आला, "मी म्हटलं, घाई नको." गृहस्थ दातासकट निघून गेले. दंतवैद्य तेव्हापासून आमच्याशी बोलत नाहीत. हेडमास्तर बोलतात, पण निवडुंगाबद्दलच.

मग मला वर न्यायचं. चौघांचे हात गळून गेले होते, जिना तोच, वळण तेच. काय झालं ते तुमच्यापासून लपवत नाही. त्यांनी मला उभं केलं. फळीसकट, चिठ्ठीसकट, हेडमास्तरांच्या दारासमोर. माझा हात पट्ट्यातून सुटला तो थेट बेलवर. वाजली नाही, कारण वायरमनचं काम चोख होतं. त्यानंतर मी कसाबसा वर पोहोचलो आणि तेव्हापासून अंथरुणावर पडून विचार करतो आहे.

विचाराअंती एवढंच कळलं की चूक मापात नव्हती, फळीत नव्हती, मोबाइलमध्येही नव्हती. माणूस चुकीचा होता. चौथा कोपरा म्हणजे खालचा, डावीकडचा, उलटा उतरणारा, तो तुमचा. आठवतं का, त्या डॉक्टरीणबाईंचं सागवानी कपाट जिन्यात रुतून बसलं होतं तो दिवस? मी वर, तुम्ही खाली, मध्ये कपाट, आणि दुपार टळून गेली तरी ते ना वर ना खाली. ताई डबा घेऊन आली. अर्धा डबा तिने कपाटाखालून तुमच्याकडे सरकवला, अर्धा कपाटावरून मला दिला, आणि पायरीवर बसून हसत म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून एक गडी आहात, आणि तोही अर्धवट." आपण जेवलो, हात धुवायचं राहिलंच, आणि मी 'उचला' म्हटल्यावर कपाट असं निघालं, जणू ते फक्त तिच्या येण्यासाठीच अडलं होतं. खिडकीतूनच सामान उतरवणाऱ्या मोठ्या शिड्यांच्या गाड्या आल्या, आपला धंदा बसला, तुम्ही मुलाकडे गेलात, ह्या सगळ्याचं मला काही वाटलं नाही. धंदे बसतातच. ताई गेली त्याचं मात्र फार वाटलं, आणि तिला खांदा द्यायला मला हा जिना उतरता आला नाही त्याचं अजून वाटतं. तिच्या वेळी तुम्ही पुढे होतात असं चिरंजीव म्हणाले. मागून बोलायला कोण होतं ते मी विचारलं नाही.

तर दाजी, तो चौथा कोपरा तुमच्या नावाने राखून ठेवला आहे. तुम्ही माझ्याहून थोरले, तेव्हा मोठेपणाचा मान म्हणून आधी जायची घाई करू नये ही विनंती. आधी माझं काम, मग तुमचं. चिरंजिवांना आशीर्वाद, सूनबाईंना आशीर्वाद. उत्तर 'हं' असलं तरी चालेल, पण लेखी द्या.

तुमचा एकुलता एक मेहुणा

ता. क. : आमचा एक पट्टा पायऱ्यांवर घासून तुटला. तुमच्याकडची जोडी असेल तर येताना आणा. हातमोजेही.

ता. क. : दाजी, हे मी लिहिते आहे. हे आंघोळीला गेलेत तोवर. घाबरून जाऊ नका, ह्यांना काही म्हणजे काही झालेलं नाही. 'कसाबसा वर पोहोचलो' असं लिहिलंय ना, ते कसं ते ऐका. त्या वळणावर जावयाच्या हातातून फळी निसटायला लागली, तशी ह्यांनी स्वतःच पट्टे सोडले, मला 'सर' म्हणाले आणि पायांनी चालत चौथ्या मजल्यावर आले. आमच्या आधी आले. आम्ही चौघं मागून फळी घेऊन. गुडघे उत्तम आहेत, डॉक्टर गेले कित्येक दिवस हेच सांगतात. चढायला भीती नाही वाटत, उतरायला वाटते. रोज सकाळी चपला घालतात, दारात उभे राहतात, खाली बघतात आणि परत येऊन चपला काढतात. मी हात धरते म्हटलं तर म्हणतात, हाताचं काय करू, पुढे कुणी नाही.

ता. क. : आंघोळ करून आलो. हिने वर काय लिहिलंय ते वाचलं. खोडणार होतो, पण तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे म्हणून राहू दिलं. आणि खरंही आहे.

तेव्हा दाजी, अंत्ययात्रेचं राहू द्या, ती आपल्या पायांनी येईल. फळी मी हेडमास्तरांना देऊन टाकली, त्यांना नव्या चपलांच्या कपाटाला लाकूड हवं होतं. तुम्ही या. तुम्ही पुढे उलटे उतरा, मी वरून एकेक पायरी सांगतो. खाली कोपऱ्यावरच्या टपरीत बाकावर बसून चहा पिऊ आणि परत येऊ. ओझंही मीच आणि आवाजही माझाच, हे आपल्या धंद्यात बसत नाही, पण धंदा बंद करून आपल्याला वर्षं झाली.

राहता राहिली तुमची खुर्ची. मी बरेच दिवस विचार करत होतो की तुमच्यासारखा माणूस असा बसून कसा राहिला. मग तालमीत चौघांनी माझं ऐकून टेकलं तेव्हा उलगडा झाला. ताईला पोहोचवून आल्यावर तुम्ही टेकलात ते टेकलातच, कारण पुढचं सांगायला कुणी नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय उचलायचं नाही हा आपला नियम. चूक तुमची नाही, नियम तुम्ही पाळलात. आता ऐका. आधी खुर्चीच्या कडेला सरका. दोन्ही पाय जमिनीवर सपाट. हात मांडीवर नको, खुर्चीच्या दांड्यांवर. घाई नको. धरलंत?

उचला, दाजी.